फळबागा आणि शहरातल्या झाडांचा कीटकशास्त्रज्ञ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषी महाविद्यालयात बोलायला गेले की शेवटचा अर्धा तास प्रश्नांचा असतो, आणि दरवर्षी बरेचसे प्रश्न तेच असतात. बागायतदारांचे आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे प्रश्नही आता मला पाठ झालेत. ते सगळे इथे एका ठिकाणी लिहिते आहे. मी कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलं, दोन वर्षं एका कंपनीत काढली, मग सर्वेक्षणाच्या प्रकल्पात काम केलं, आणि गेली चौदा वर्षं नाशिक-पुणे भागात फळबागांना आणि शहरी परिसरांना सल्ला देते. उत्तरं या अनुभवातून आली आहेत.

कीटकशास्त्रज्ञ बागेत नेमकं काय करतो?

मोजतो. पान उलटून बघायचं, कीड कोणती आहे, किती आहे, तिला खाणारे कोण आहेत, ते किती आहेत, आणि मागच्या आठवड्यापेक्षा आकडा वाढला की उतरला. बघायची जागा प्रत्येक पिकात वेगळी असते. आंब्यात मोहोर, द्राक्षात ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीच्या, सुटलेल्या सालीखाली आणि घडाच्या देठाशी, डाळिंबात खोडाचा जमिनीलगतचा वीतभर भाग. गळ्यात दहापट मोठं दाखवणारं भिंग, खिशात वही. एवढ्यावर निम्मं काम होतं.

बागायतदाराचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, काय मारू?" त्याआधी "काय आहे?" हा प्रश्न विचारला जावा, यासाठी आमची गरज आहे. माझ्या मते या पेशाचं सगळं सार यात आहे. बाकी तंत्र शिकता येतं.

एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणजे सेंद्रिय शेतीच ना?

नाही. यात रसायन वर्ज्य नाही, पण त्याचा नंबर शेवटी लागतो आणि तोही मोजमापानंतर. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी ही मांडणी केली. लसूणघासावरच्या माव्याला फवारण्या पुरत नव्हत्या. मावा औषधांना दाद देईनासा झाला होता आणि त्याला खाणारे कीटक मात्र त्याच फवारणीत मरत होते. त्यांनी विचारलं की कीड दिसली म्हणून फवारायचं, की तिच्यामुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होणार असेल तेव्हा? त्यातून आर्थिक नुकसानीची पातळी आणि तिच्या थोडी आधी येणारी संकेत पातळी, म्हणजे जिथे उपाय सुरू करायचा तो आकडा, या कल्पना आल्या. आजही आम्ही त्याच वापरतो.

एक साधं उदाहरण देते. लिंबावर येणारी अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि पुढे तिचं सुंदर फुलपाखरू होतं. रोपवाटिकेत हीच अळी चार दिवसांत रोपाचा खराटा करते. तिथे मी ती हाताने वेचायला सांगते आणि संख्या फार असेल तर फवारणीही. मोठ्या झाडाला तिचं काही वाटत नाही. आणि गच्चीतल्या कुंडीत एखादी अळी दिसली तर मी हात जोडून सांगते की राहू द्या, मुलांना दाखवा. अळी तीच, पण निर्णय तीन.

मित्रकीटकांनी खरंच काम होतं का, की पुस्तकातच?

होतं. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं उदाहरण ज्यांनी पाहिलं, त्यांना हा प्रश्न पडत नाही. ही मेक्सिकोकडची कीड. २००८ मध्ये ती कोइम्बतूरला सापडली आणि दोन वर्षांत पुणे जिल्ह्यातल्या पपईच्या बागांपर्यंत पोचली. झाडं पांढऱ्या कापसाने माखल्यासारखी दिसत. लोकांनी हाताला लागेल ते औषध मारलं, पण किडीच्या अंगावरच्या मेणामुळे ते आत पोचतच नव्हतं. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने, जी आज कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणून ओळखली जाते, अमेरिकेच्या कृषी खात्यामार्फत पोर्तो रिकोहून या किडीचे परोपजीवी कीटक आणले. विलगीकरणात तपासण्या झाल्या, मग ते शेतात सोडले. त्यातला ॲसेरोफॅगस पपाये हा कीटक मिलिमीटरभराचाही नाही. तो पिठ्याच्या अंगात अंडी घालतो. काही महिन्यांत कीड उतरायला लागली, आणि जिथे शेतकऱ्यांनी फवारणी थांबवली तिथे लवकर उतरली.

द्राक्षातला पिठ्या त्याहून चिवट. तो सालीखाली लपतो, आणि त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. मुंग्या आवरल्या नाहीत तर मित्रकीटक कितीही सोडा, मुंग्या त्यांना हुसकावून लावतात. म्हणून आमचा क्रम असा: खरड छाटणीनंतर सुटलेली साल काढून जाळायची, खोडाला चिकट पट्टा बांधायचा, वारुळं शोधायची, मग क्रिप्टोलीमस हा ढालकिडा सोडायचा. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, भारतात १८९८ मध्ये आणलेला.

याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगते. दिंडोरीजवळच्या एका बागेत आम्ही ढालकिडे सोडले. दहा-बारा दिवसांनी बागेच्या मालकांचा, दादांचा, घाबऱ्या आवाजात फोन आला, "मॅडम, तुमच्या किड्यांनी काही केलं नाही, उलट पिठ्या दुप्पट मोठा झालाय. मी सकाळीच औषध मारलं." मी गेले. वेलीखाली मेलेल्या पडल्या होत्या त्या ढालकिड्याच्या अळ्या. त्याही पांढऱ्या, मेणाच्या झालरीच्या, अगदी पिठ्यासारख्या दिसतात, फक्त मोठ्या आणि चपळ. दादांनी अजाणता आपलीच माणसं मारली होती. चूक माझी. सोडताना अळी कशी दिसते हे मी भिंगातून दाखवायला हवं होतं. तेव्हापासून मित्रकीटकांच्या डबीआधी मी अळीचा फोटो देते आणि घरातल्या सगळ्यांना दाखवते, वहिनींना आणि मजुरांनाही, कारण फवारणीचा पंप बहुधा त्यांच्याच हातात असतो.

शिक्षण काय लागतं?

सरळ रस्ता असा: बारावी विज्ञान, सीईटी, चार वर्षांची बी.एस्सी. कृषी किंवा उद्यानविद्या, मग दोन वर्षांची कृषी कीटकशास्त्रातली एम.एस्सी. संशोधनात जायचं असेल तर पीएच.डी. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं आहेत. कुठे शिकताय यावर कोणतं पीक हाताखालून जाईल हे बरंच ठरतं. दापोलीला आंबा-काजू, अकोल्याला संत्रा-कापूस, राहुरीला डाळिंब आणि ऊस. मास्टर्सचं विद्यापीठ निवडताना वसतिगृहापेक्षा याचा विचार करा.

मी बी.एस्सी. प्राणिशास्त्र केलंय. माझा रस्ता बंद का?

बंद नाही, पण वेगळा आहे. कृषी कीटकशास्त्राच्या एम.एस्सी.ला बहुधा कृषी शाखेचीच पदवी मागतात. तुम्ही प्राणिशास्त्रात कीटकशास्त्र हा विशेष विषय घेऊ शकता. कीटकांचं वर्गीकरण, म्हणजे जात ओळखण्याचं शास्त्र, तिथे चांगलं शिकवलं जातं, आणि आमच्याकडे त्या लोकांची फार टंचाई आहे. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, एकदा जाऊन संग्रह बघा. मी चुकीची जात ओळखली तर माझा पुढचा सगळा सल्ला चुकतो. म्हणून वर्गीकरण करणाऱ्या माणसाला मी नेहमी मान देते.

कोणतं पीक निवडावं?

जे घराजवळ आहे ते. तरी प्रत्येक पिकाचा स्वभाव सांगते.

आंब्यात फळमाशी तुम्हाला बाजारपेठेशी जोडते. मादी पिकायला आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गर खातात आणि कोष मातीत होतात. म्हणून गळलेली फळं वेचणं हे औषधाइतकंच मोठं काम आहे. दापोलीच्या विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा कोकणात घरोघरी दिसतो. त्यातल्या मिथाईल युजेनॉल या वासाच्या आमिषाकडे फक्त नर येतात, हे लक्षात ठेवून आकडे वाचायचे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर आणि चार भाज्यांवर बंदी घातली, कारण मालात फळमाशीसारख्या किडी सापडल्या होत्या. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. युरोपसाठी आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात, अमेरिकेसाठी विकिरण करतात. लासलगावचं केंद्र त्यासाठीच २००७ पासून अनेकांना माहीत झालं. अशा किडींमुळे हे सगळं उभं राहिलं, आणि या प्रत्येक ठिकाणी कीटकशास्त्रज्ञ लागतो.

संत्र्यात मला सर्वांत जास्त आवडलेली कीड म्हणजे रस शोषणारा पतंग. हा रात्री येतो, सोंडेने फळाला भोक पाडतो, रस पितो आणि सकाळी फळ गळतं. दिवसा बागेत काहीच दिसत नाही. गंमत अशी की त्याची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. उत्तर शोधायला बागेबाहेर जावं लागतं, हे मला या पतंगाने शिकवलं. विदर्भात काळ्या माशीमुळे येणारी कोळशी, म्हणजे पानाफळांवरची काजळीसारखी बुरशी, बघायची असेल तर वरूड-मोर्शीकडे चक्कर मारा.

द्राक्षात शिस्त शिकाल. निर्यातीच्या बागेत रासायनिक अवशेषांची तपासणी होते, आणि काढणीआधी किती दिवस कोणतं औषध बंद करायचं याचा हिशेब चुकला तर कंटेनर परत येतो. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती कीटकनाशकामुळे नाही, वाढनियंत्रकाच्या अवशेषामुळे. त्यामुळे शेतकरी वेलीवर काय-काय मारतो हे सगळं तुम्हाला माहीत हवं, फक्त आपला विषय नाही.

तुमची सर्वांत मोठी चूक कोणती?

डाळिंबातली. सांगोल्याकडची बाग, झाडं एकामागून एक वाळत होती. मी मुळं पाहिली, निचरा पाहिला आणि मर रोग म्हणून मोकळी झाले. खोडाच्या बुडाशी टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती आणि त्यातून पिठासारखा भुसा येत होता. ती मी पाहिलीच नाही, कारण वाकायला आळस केला. तो खोडातला बारीक भुंगेरा होता. महिनाभरानंतर कळलं, तोपर्यंत आणखी चाळीसेक झाडं गेली होती. त्या घरात मुलीचं लग्न ठरलं होतं. बागायतदार मला एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. आता डाळिंबात शिरले की मी आधी गुडघ्यावर बसते.

शहरातल्या झाडांचं काम वेगळं असतं का?

खूपच. बागेत तोटा रुपयांत मोजता येतो. शहरात तो मोजायचा कसा? इथे झाडाखाली मुलं खेळतात, आजी-आजोबा बसतात, खिडक्या उघड्या असतात. उंच झाडावर फवारणी म्हणजे ती शेजारच्या स्वयंपाकघरातही जाणार. म्हणून शहरात माझा पहिला सल्ला बहुतेक वेळा 'फवारू नका' असाच असतो.

पावसाळ्यात शेवग्याच्या केसाळ अळ्यांचे फोन येतात. दिवसा त्या खोडावर घोळक्याने बसतात, केसांनी अंगाला खाज सुटते, आणि सोसायटीच्या सभेत झाड तोडायचा ठराव येतो. खरं तर त्या एका जागी गोळा होतात हीच सोय आहे. संध्याकाळी वर चढायच्या आत, हातमोजे घालून, लांब दांड्याच्या खराट्याने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. दोन-तीन दिवसांत काम संपतं. झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ चा महाराष्ट्राचा झाडं जतनाचा कायदा आहे, हेही मी त्याच सभेत सांगते.

मोठ्या टाउनशिपमधली शोभेची खजुराची झाडं वेगळी काळजी मागतात. सोंड्या भुंगा खोडाच्या जखमेच्या वासाला येतो. माळी झावळ्या हिरव्या असतानाच कापतो, ताजा घाव उघडा राहतो, मादी तिथे अंडी घालते. अळ्या आतून खोड पोखरतात. खोडाला कान लावला तर कुरतडण्याचा आवाज येतो, भोकातून तपकिरी चिकट पाणी ओघळतं. शेंडा कलला की झाड हातचं गेलं. त्यामुळे माळ्यांचं प्रशिक्षण हेच इथलं कीड व्यवस्थापन. मुंबईत अनेक रेन ट्री पिठ्या ढेकणाने वाळले तेव्हाही मला आधी बुंध्याला चिकटलेलं काँक्रीट दिसलं. ज्या झाडाच्या मुळांना श्वास घेता येत नाही, ते किडीशी काय झगडणार?

या क्षेत्रात माणसं फार कमी आहेत. महापालिकांची उद्यान खाती, विद्यापीठांचे परिसर, टाउनशिप, गोल्फ कोर्स या सगळ्यांना अशा माणसाची गरज आहे, पण जाहिरातीत 'कीटकशास्त्रज्ञ' असं लिहिलेलं क्वचित सापडतं. पद 'उद्यान अधिकारी' किंवा 'लँडस्केप व्यवस्थापक' या नावाने शोधा.

नोकऱ्या कुठे मिळतात आणि पगार किती?

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांत वैज्ञानिक म्हणून जाता येतं. आपल्याकडे पुण्याजवळच्या मांजरी गावात द्राक्ष, सोलापूरला डाळिंब आणि नागपूरला लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे. त्यासाठी कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची परीक्षा असते, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. राज्याच्या कृषी खात्यात एमपीएससीतून जाता येतं. कृषी विज्ञान केंद्रांत पीक संरक्षणाचे विषय विशेषज्ञ असतात.

पहिली नोकरी मात्र अनेकांना कंत्राटी मिळते. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर राज्याने क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. फळपिकांसाठी हॉर्टसॅप आला. त्यात कीड सर्वेक्षक म्हणून गावोगाव फिरून आकडे नोंदवायचे असतात. मानधन तुटपुंजं, मुदत हंगामापुरती. तरीही मी म्हणेन, एक हंगाम करा. मी तिथे जेवढं शिकले तेवढं वर्गात शिकले नाही. ही कामं कायमस्वरूपी व्हायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

कंपनीत गेलं तर औषधंच विकावी लागतात का?

विक्रीच्या पदावर हो. माझ्या दोन वर्षांत महिन्याचं टार्गेट असायचं. एकदा बागेत कीड संकेत पातळीच्या निम्म्यावरही नव्हती, आणि माझ्या वरिष्ठांनी मला दोन औषधं लिहून द्यायला सांगितली. मी दिली. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि पुढच्या हंगामाआधी मी नोकरी सोडली. पण कंपन्यांत चाचण्या, नोंदणी, अवशेष विश्लेषण, जैविक कीडनाशकांचं उत्पादन अशीही कामं आहेत. ट्रायकोकार्ड (मित्रकीटकांची अंडी चिकटवलेली कार्डं) तयार करणाऱ्या आणि बिव्हेरिया, मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरश्या बनवणाऱ्या प्रयोगशाळांना चांगली माणसं मिळत नाहीत. मुलाखतीत स्पष्ट विचारा, "माझं काम विक्रीच्या आकड्यांवर मोजलं जाणार का?"

विषबाधेचा धोका?

आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. पीक डोक्याइतकं वाढलेलं, औषधांची मिश्रणं, अंगावर साधा सदरा. शिफारस करणाऱ्याने फवारणाऱ्याचं शरीर डोळ्यांसमोर ठेवलंच पाहिजे. औषध किती विषारी आहे हे सांगणारा डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघितल्याशिवाय मी नाव सांगत नाही, आणि लाल त्रिकोणाचं, म्हणजे सर्वांत विषारी, औषध चौदा वर्षांत लिहून दिलेलं नाही.

मुलींना हे जमतं का?

जमतं. पहिली दोन वर्षं बागायतदार तुमच्याऐवजी तुमच्या ड्रायव्हरशी बोलतील, तिसऱ्या वर्षी फोन तुम्हाला करतील. एकटीने लांबच्या बागेत जायचं असेल तर वेळ आणि ठिकाण घरी कळवून जा. शेतातल्या बायका तुमच्याशी जे बोलतात ते पुरुष सल्लागाराला कधीच कळत नाही, आणि कीड आधी त्यांनाच दिसलेली असते.

फोटो काढून कीड ओळखणारी ॲप आली. मग आमची गरज काय?

ॲप चांगली आहेत, मीही वापरते. फोटो मात्र जे दिसलं त्याचा निघतो. सालीखालचा पिठ्या, बांधावरची गुळवेल, बुडाशी असलेलं भोक, यांचा फोटो काढावा हे कुणाला तरी आधी सुचायला लागतं.

मी अकरावीत आहे. आत्तापासून काय करू?

घराजवळचं एक लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड निवडा. दर रविवारी त्याच वेळी जा, वीस पानं उलटून बघा, जे दिसेल ते तारखेसकट वहीत लिहा. नाव माहीत नसेल तर चित्र काढा. एखादी हिरवी अळी पानासकट बरणीत ठेवा, वर जाळी बांधा, रोज ताजं पान द्या. कोष झाला की वाट बघा. बहुधा फुलपाखरू येईल. कधीकधी कोषाला बारीक भोक पडेल आणि फुलपाखराऐवजी चिलटाएवढ्या गांधीलमाश्या बाहेर येतील. निराश होऊन बरणी धुऊन टाकू नका. त्या किती आल्या ते मोजा आणि वहीत लिहा.